जोखमीचा बर्नडाउन चार्ट: रेघ खाली आली, पण कशामुळे?

कामाचा बर्नडाउन चार्ट बहुतेक टीमच्या अंगवळणी पडलेला असतो. उभ्या अक्षावर उरलेलं काम, आडव्या अक्षावर स्प्रिंट (कामाचे ठरावीक लांबीचे टप्पे), आणि उतरत उतरत शून्याला टेकणारी रेघ. जोखमीचाही असाच चार्ट काढता येतो, फक्त तिथे उरलेल्या कामाऐवजी "अजून किती फटका बसू शकतो" हे मोजायचं. रिस्क रजिस्टर (जोखमींची नोंदवही) नीट असेल तर पहिला चार्ट तासाभरात उभा राहतो. अवघड आहे ते त्याचं वाचन. स्टेटस रिपोर्टमध्ये उतरती रेघ दिसली की सगळ्यांना हायसं वाटतं आणि चर्चा पुढच्या मुद्द्यावर जाते. प्रत्यक्षात जोखमीची रेघ तीन अगदी वेगळ्या कारणांनी खाली येते, आणि त्यातलं एक कारण म्हणजे चक्क नुकसान होऊन गेलेलं असणं. चार्टमध्ये हा फरक दिसत नसेल तर तो चार्ट दिशाभूल करतो, असं माझं ठाम मत आहे.

आधी आकडा कुठून येतो ते पाहू. प्रत्येक जोखमीला दोन गोष्टी लागतात: ती घडण्याची शक्यता टक्क्यांत, आणि घडलीच तर होणारा परिणाम दिवसांत. दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या जोखमीचं एक्स्पोजर. सगळ्या जोखमींच्या एक्स्पोजरची बेरीज हा त्या दिवशीचा चार्टवरचा बिंदू. बस, गणित एवढंच.

दिवस म्हणजे नेमके कुठले दिवस

सगळ्यात जास्त चार्ट इथेच बिघडतात. एकाने "१० दिवस" लिहिले ते एका डेव्हलपरच्या मेहनतीचे, दुसऱ्याने लिहिले ते कॅलेंडरचे, तिसऱ्याच्या डोक्यात शनिवार-रविवार धरलेले. या तिघांची बेरीज केली तर हाती काहीच लागत नाही. म्हणून एकच व्याख्या ठरवा आणि शीटच्या अगदी वर लिहून ठेवा: "ही जोखीम घडली तर रिलीजची तारीख कामकाजाचे किती दिवस पुढे जाईल?" एखाद्या प्रकल्पात तारीख पक्की असते आणि पैसा सैल असतो, तिथे दिवसांऐवजी पैसे मोजा. पण दोन्ही एकाच चार्टवर नकोत.

या व्याख्येचा एक फायदा लगेच दिसतो. ज्या कामाला मुळातच भरपूर सवड आहे, तिथली जोखीम घडली तरी रिलीजची तारीख हलत नाही. तिचा परिणाम शून्य किंवा एखादा दिवस. रजिस्टरमध्ये मोठ्या रुबाबात बसलेल्या काही जोखमी या एका प्रश्नाने गळून पडतात.

परिणामाचा आकडा अंदाजपंचे लिहू नका. "समजा उद्या सकाळी हे घडलं, तर आपण काय काय करू?" असं विचारा आणि ती कामं मोजा. लोडमुळे, म्हणजे वापराच्या ताणामुळे, रिपोर्ट बंद पडले तर कारण शोधायला २ दिवस, दुरुस्तीला ५, पुन्हा चाचणीला ३, म्हणून १०. असा हिशेब समोर असला की सहा आठवड्यांनी कुणी "हे १० कुठून आले?" विचारलं तर उत्तर तयार असतं.

शक्यता दहाच्या टप्प्यांनीच लिहा: १०, २०, ३०. पस्तीस की चाळीस यावर वाद घालण्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि १ ते ५ गुणांची पद्धत, म्हणजे शक्यतेला ४ गुण, परिणामाला ३ गुण, गुणाकार १२, ही इथे वापरू नका. ते गुण फक्त क्रम सांगतात. ४ गुणांचा परिणाम हा २ गुणांच्या दुप्पट असतो असं काही ठरलेलं नसतं, त्यामुळे त्यांची बेरीज करून रेघ काढण्याला अर्थ राहत नाही. ऑडिटसाठी पाच बाय पाचचा रंगीत तक्ता लागत असेल तर तो वेगळा ठेवा.

जोखमीचं वाक्यही महत्त्वाचं. "डेटा मायग्रेशन" ही जोखीम नव्हे, ते कामाचं नाव झालं. "जुन्या सिस्टीममध्ये तारखा दोन-तीन प्रकारांनी साठवल्या असाव्यात, तसं असेल तर आपल्या स्क्रिप्ट चुकीच्या नोंदी भरतील आणि मायग्रेशन पुन्हा करावं लागेल" ही जोखीम. कारण, घटना, परिणाम असे तीन तुकडे त्यात दिसले पाहिजेत. असं लिहिलं की शक्यता कमी करायला काय करायचं तेही त्याच वाक्यातून सुचतं: जुन्या तारखा तपासून बघायच्या.

एक उदाहरण, शेवटपर्यंत

समजा जुनी बिलिंग सिस्टीम काढून नवी बसवायची आहे. दोन आठवड्यांचे १२ स्प्रिंट, म्हणजे कामकाजाचे १२० दिवस. प्रकल्पाच्या तारखेत २५ दिवसांचा बफर, म्हणजे राखीव वेळ, धरलेला आहे. सुरुवातीचं रजिस्टर असं:

१. जुना डेटा नव्या रचनेत नीट न बसणे: ६० टक्के × २० दिवस = १२
२. पेमेंट गेटवेची मंजुरी लांबणे: ४० टक्के × १५ = ६
३. महिनाअखेरच्या लोडखाली रिपोर्ट बसणे: ५० टक्के × १० = ५
४. जुनी सिस्टीम जाणणारा एकमेव माणूस निघून जाणे: २० टक्के × २५ = ५
५. ग्राहकाकडून चाचणीसाठी माणसं वेळेवर न मिळणे: ५० टक्के × ८ = ४
६. सुरक्षा तपासणीत मोठी त्रुटी निघणे: ३० टक्के × १० = ३
७. कराचे नियम मधेच बदलणे: २० टक्के × १० = २
८. वापरात असलेल्या एका लायब्ररीचा (तयार कोडच्या संचाचा) सपोर्ट बंद होणे: १० टक्के × १० = १

बेरीज ३८. चार्टचा पहिला बिंदू ३८ दिवसांवर.

पहिला स्प्रिंट. खऱ्या डेटातला नमुना घेऊन मायग्रेशनची रंगीत तालीम केली. तारखांचे दोन प्रकार सापडले, त्यांच्यासाठी स्क्रिप्ट सुधारली, नमुना पुन्हा चालवला, तो स्वच्छ गेला. पूर्ण डेटा अजून तपासलेला नाही, म्हणून शक्यता ६० वरून ३० वर, त्याखाली नाही. एक्स्पोजर १२ चं ६ झालं. एकूण ३२.

दुसरा स्प्रिंट. गेटवेच्या मंजुरीचा अर्ज पाठवला. आता ४० टक्क्यांचे ३० करायचे का? नाही. अर्ज पाठवणं हे काम झालं, त्याने मंजुरी लांबण्याची शक्यता बदलल्याचा काहीच पुरावा नाही. समोरून "कागदपत्रं पूर्ण आहेत" असं लेखी उत्तर आलं असतं तर बदलली असती. याच स्प्रिंटमध्ये लोड टेस्ट घेतली आणि रिपोर्ट निम्म्या लोडलाच रखडले. शक्यता ५० वरून ८०, एक्स्पोजर ५ चं ८. एकूण ३५. रेघ वर गेली.

ही वर गेलेली रेघ पाहून चेहरे पडतात, खरं तर हा स्प्रिंट चांगला गेला. रिपोर्टचा प्रश्न पहिल्या दिवसापासून तिथेच होता, तो दुसऱ्याच स्प्रिंटमध्ये कळला, हातात दहा स्प्रिंट शिल्लक असताना. प्रायोजकाला हे आधीच सांगून ठेवा: सुरुवातीच्या दोन-तीन स्प्रिंटमध्ये रेघ वर जाऊ शकते, कारण आपण मुद्दाम शोधायला जाणार आहोत. नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

तिसरा स्प्रिंट. रिपोर्टच्या टेबलांना इंडेक्स लावले, जड बेरजा रात्री आधीच करून ठेवायची सोय केली, पूर्ण लोडवर पुन्हा चाचणी घेतली, उत्तीर्ण. ८० टक्क्यांचे १०, एक्स्पोजर ८ चं १. गेटवेची मंजुरीही हातात आली, ६ चं शून्य. मंजुरीच्या कागदपत्रांतून मात्र कळलं की परताव्याचे संदेश आपण धरलेल्या साच्यात येणार नाहीत, अशी शंका घ्यायला जागा आहे. नवी जोखीम, क्रमांक ९: ३० टक्के × १० = ३. हिशेब: ३५ उणे ७, उणे ६, अधिक ३, म्हणजे २५.

चौथा स्प्रिंट. जुनी सिस्टीम जाणणाऱ्या माणसाबरोबर दुसऱ्या एकाला दोन आठवडे बसवलं, आणि शेवटी एक बिघाड त्या दुसऱ्यानेच एकट्याने सोडवून दाखवला. पहिला माणूस निघून जाण्याची शक्यता यामुळे बदलत नाही, पण तो गेलाच तर बसणारा फटका २५ दिवसांवरून १० वर येतो. एक्स्पोजर ५ चं २. आणि याच स्प्रिंटमध्ये ग्राहकाची चाचणीची माणसं आलीच नाहीत. पाचवी जोखीम घडली. प्रत्यक्ष फटका ७ दिवसांचा. जी गोष्ट घडून गेली ती आता जोखीम उरली नाही, म्हणून रजिस्टरमधून तिचे ४ गेले. एकूण १८.

आता फक्त रेघ बघा: ३८, ३२, ३५, २५, १८. सुंदर उतार! चौथ्या स्प्रिंटमध्ये तर ७ दिवसांनी खाली. पण बफरची रेघ शेजारी काढली की वेगळंच दिसतं. तिसऱ्या स्प्रिंटअखेर एक्स्पोजर २५, बफर २५. चौथ्याअखेर एक्स्पोजर १८, आणि ७ दिवसांचा फटका बफरमधून गेल्याने बफरही १८. दोन रेघांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. सात दिवसांची जी उतरण अहवालात दिसली, तिने प्रकल्प एका दिवसानेही सुरक्षित केला नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह: जोखमीचा बर्नडाउन एकट्या रेघेचा काढू नका. त्याच अक्षावर उरलेल्या बफरची रेघ काढा.

उतरण्याचे तीन प्रकार

पहिला प्रकार, आपण काहीतरी केलं म्हणून शक्यता किंवा परिणाम कमी झाला. तालीम, लोड टेस्ट, दुसऱ्या माणसाची तयारी ही त्याची उदाहरणं. दुसरा, मुदत टळली. नियम बदलायची संभाव्य तारीख होऊन गेली, बदल झाला नाही, सातवी जोखीम आपोआप शून्य. चांगलंच झालं, पण यात टीमचं कर्तृत्व काही नाही, आणि पुढच्या प्रकल्पात असंच होईल याची खात्रीही नाही. तिसरा, घडली, आणि किंमत मोजून मोकळे झालो.

शीटमध्ये प्रत्येक बदलापुढे एक रकाना ठेवा आणि त्यात चारांपैकी एकच शब्द निवडायची सोय करा: "कमी केली", "मुदत टळली", "घडली", "वाढली/नवी". स्प्रिंटच्या शेवटी चार्टखाली एक ओळ लिहायची. चौथ्या स्प्रिंटसाठी ती अशी होईल: "एकूण ७ ने घट, कमी केली ३, मुदत टळली ०, घडली ४ (प्रत्यक्ष फटका ७ दिवस), नवी ०." या एका ओळीने चार्टचा प्रामाणिकपणा टिकतो. वरिष्ठांना चार्ट वाचायला वेळ नसेल तर नुसती ही ओळ पाठवली तरी चालेल, इतकी ती मोलाची आहे.

आणखी एक रकाना पुराव्याचा. आकडा खाली आणायचा असेल तर तिथे काहीतरी दाखवता येण्यासारखं हवं: चाचणीचा निकाल, लेखी मंजुरी, चालवून दाखवलेला डेमो, सही झालेला करार. "चर्चा झाली", "पाठपुरावा सुरू आहे", "टीमला विश्वास वाटतो" यांनी आकडा हलत नाही. उलट आकडा वर न्यायला मात्र पुरावा मागू नका. कुणाला धाकधूक वाटत असेल तर तेवढं पुरे आहे. वर जाणं सोपं आणि खाली येणं अवघड अशीच व्यवस्था असावी, नाहीतर लोक वाईट बातमी लपवायला शिकतात.

शीट कशी मांडायची

तीन पानं पुरतात. पहिलं पान रजिस्टरचं: क्रमांक, जोखमीचं वाक्य, जबाबदार व्यक्ती, शक्यता, परिणाम, एक्स्पोजर, पुढचं पाऊल, ते कधीपर्यंत, मुदत कधी टळते, पुरावा. जबाबदार म्हणून एकाच माणसाचं नाव लिहा. "क्यूए टीम" (चाचणी करणारी टीम) असं लिहिलेल्या जोखमीकडे कुणीच बघत नाही.

दुसरं पान इतिहासाचं. ओळीत जोखमी, स्तंभात स्प्रिंट. प्रत्येक स्प्रिंटअखेर पहिल्या पानावरचं एक्स्पोजर कॉपी करून इथे नव्या स्तंभात फक्त मूल्यं म्हणून पेस्ट करायचं. हे ठळक सांगायला हवं. पहिल्या पानाशी फॉर्म्युलाने जोडून ठेवलं तर आजची शक्यता बदलताच मागचे सगळे स्तंभही बदलतात, आणि चार्ट पहिल्यापासून सपाट दिसायला लागतो. ही चूक लगेच लक्षातही येत नाही. बंद झालेली जोखीम ओळीतून काढू नका, शून्य लिहा. नवी जोखीम शेवटच्या ओळीत, आणि तिच्या आधीच्या स्तंभांत शून्य.

तिसऱ्या पानावर चार्ट. प्रकार स्टॅक्ड एरिया किंवा स्टॅक्ड कॉलम. मला कॉलम आवडतात, कारण एरिया चार्ट दोन बिंदू तिरप्या रेषेने जोडतो आणि मधल्या दिवसांत जोखीम हळूहळू कमी होत गेली असा भास होतो. खरं तर ती चाचणीच्या दिवशी एकदम पडते. प्रत्येक जोखमीला एक रंग, शेवटपर्यंत तोच. ज्या दोन-तीन जोखमींवर सगळ्यांचं लक्ष हवं त्या तळाशी ठेवा. तळाचा पट्टाच सपाट आधारावर असतो म्हणून त्याची उंची डोळ्यांना नीट कळते, वरचे पट्टे खालच्यांच्या चढउतारावर हिंदकळत असतात. दहापेक्षा जास्त जोखमी असतील तर सात-आठ वेगळ्या दाखवा आणि बाकीच्यांचा एक करडा पट्टा करा. वर बफरची जाड रेघ.

आदर्श रेघ म्हणून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ तिरपी रेघ ओढायची प्रथा आहे. ती कामाच्या बर्नडाउनमधून उचलली गेली आहे आणि इथे बसत नाही. ३८ भागिले १२ म्हणजे स्प्रिंटला जेमतेम ३.२ दिवस, पण तसं कुठल्याच स्प्रिंटमध्ये होणार नसतं. त्यापेक्षा पायऱ्यांची रेघ काढा: पहिल्या स्प्रिंटअखेर तालीम, अपेक्षित घट ६, तिसऱ्याअखेर मंजुरी, अपेक्षित घट ६, आणि अशाच पुढच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला तारीख आणि कृती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या जोखीम व्यवस्थापनाच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतही बर्नडाउन असाच, एकेका कृतीला बांधलेला आहे. पायरीची तारीख उलटली आणि आकडा तिथेच असेल तर नेमकं कुणाला काय विचारायचं ते लगेच कळतं. सरळ रेघेपासून "थोडे वर आहोत" यातून काहीच कळत नाही.

कुठल्या जोखमीवर वेळ घालवायचा

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोएम यांनी १९९१ च्या लेखात एक साधं सूत्र दिलं आहे: कृतीआधीचं एक्स्पोजर उणे कृतीनंतरचं एक्स्पोजर, भागिले कृतीचा खर्च. मायग्रेशनच्या तालमीला वेळापत्रकातले २ दिवस लागले आणि एक्स्पोजर १२ वरून ६ वर आलं, म्हणजे गुणोत्तर ३. आठव्या जोखमीतली लायब्ररी बदलायला ३ दिवस लागतील आणि वाचेल फक्त १ दिवस, म्हणजे ०.३३. एकापेक्षा कमी गुणोत्तर असेल तर ती जोखीम उघड्या डोळ्यांनी स्वीकारायची आणि तसं रजिस्टरमध्ये लिहायचं. स्वीकारलेल्या जोखमीचा पट्टा चार्टवर शेवटपर्यंत राहील. राहू द्या. तो पुसण्यासाठी आकडा बदलणं हा खोटेपणा आहे.

जोखीम कमी करायची कामं बॅकलॉगमध्ये (टीमच्या करायच्या कामांच्या यादीत) गेलीच पाहिजेत, अंदाज आणि नावासकट. रजिस्टरच्या "पुढचं पाऊल" रकान्यात राहिलेलं काम होत नाही, कारण स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये ते कुणाच्या समोरच येत नाही. सलग तीन स्प्रिंट रेघ सपाट असेल तर पहिल्यांदा बॅकलॉग उघडा. तिथे जोखमीसाठीचं एकही काम नसण्याची दाट शक्यता आहे.

बेरजेवर किती विसंबायचं

३८ दिवस ही सरासरी आहे. आठही जोखमी घडल्या तर १०८ दिवस जातील, एकही घडली नाही तर शून्य. म्हणून एक्स्पोजरइतका बफर ठेवला की काम भागलं असं समजणं धोक्याचं आहे; तो साधारण निम्म्या वेळा अपुरा पडेल. फैलाव, म्हणजे प्रत्यक्ष आकडा सरासरीपासून किती दूर जाऊ शकतो ते, काढायला एक जादा रकाना पुरतो: शक्यता × (१ उणे शक्यता) × परिणामाचा वर्ग. या रकान्याची बेरीज करून वर्गमूळ घ्या. वरच्या यादीत बेरीज ३३७ येते, वर्गमूळ सुमारे १८. तेव्हा बऱ्यापैकी निर्धास्त राहायचं तर ३८ अधिक १८, म्हणजे ५६ दिवसांचा विचार करायला हवा. चौथ्या स्प्रिंटअखेर बेरीज १७६, वर्गमूळ सुमारे १३, गरज १८ अधिक १३ म्हणजे ३१ दिवसांची आणि हातात बफर १८. ही १३ दिवसांची तूट प्रायोजकासमोर ठेवायची गोष्ट आहे, आणि ती चौथ्या स्प्रिंटमध्येच ठेवायची. तेव्हा व्याप्ती कमी करता येते, तारीख हलवता येते, माणूस वाढवता येतो; दहाव्या स्प्रिंटमध्ये यातलं फारसं काही हातात राहत नाही.

या गणिताला एक अट आहे: जोखमी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. गेटवेची मंजुरी आणि परताव्याचे संदेश या दोन्ही एकाच पुरवठादारावर अवलंबून असतील तर त्या जोडीनेच येतात, आणि फैलाव हिशेबापेक्षा मोठा असतो. अशा जोखमींना रजिस्टरमध्ये एकच खूण द्या आणि त्या एकदम घडल्या तर किती दिवस, हा आकडा वेगळा लिहा. मोठ्या प्रकल्पात मॉन्टे कार्लो सिम्युलेशन (संगणकावर हजारो वेळा योगायोगाने जोखमी घडवून निकाल बघणं) करावं. लहान प्रकल्पात एवढं भान पुरतं.

बेरीज सगळ्यात जास्त फसवते ती दुर्मिळ पण प्रचंड जोखमींच्या बाबतीत. डेटा सेंटर आगीत जाणं: २ टक्के × २०० दिवस = ४. चार्टवर हा पट्टा चाचणीच्या माणसांच्या पट्ट्याइतकाच दिसतो. पण ४ दिवसांचा बफर इथे कवडीच्या कामाचा नाही. घडलं तर २०० दिवस, नाहीतर काहीच नाही. एकटीच पूर्ण बफरपेक्षा मोठी असणारी कुठलीही जोखीम चार्टमधून बाहेर काढा, चार्टच्या शेजारी चौकटीत नाव घालून लिहा, आणि तिच्यासाठी वेगळी योजना करा: बॅकअप, विमा, पर्यायी पुरवठादार. प्रकल्पच रद्द होईल अशा जोखमींनाही हीच चौकट.

रेघेचे ओळखीचे आकार

दर स्प्रिंटला सारखी, गुळगुळीत उतरण दिसली तर सावध व्हा. सहसा कुणीतरी दर वेळी प्रत्येक जोखमीतून दहा टक्के वजा करत असतं. खरी रेघ ओबडधोबड असते.

बराच काळ सपाट आणि शेवटच्या दोन स्प्रिंटमध्ये कडा तुटल्यासारखी उतरण: एकतर सगळ्या मोठ्या चाचण्या शेवटाकडे ढकललेल्या आहेत, किंवा रिलीजच्या मंजुरीसाठी आकडे साफ केले जात आहेत. पुराव्याचा रकाना उघडला की यातलं कुठलं ते मिनिटभरात कळतं.

चांगल्या प्रकल्पाची रेघ आधी थोडी वर जाते, पहिल्या एक-तृतीयांश काळात झपाझप उतरते आणि मग थोड्याशा उंचीवर रेंगाळते. ती अगदी शून्याला टेकत नाही, आणि टेकावी अशी अपेक्षाही नको. प्रत्यक्ष चालू करण्याच्या दिवशीच्या जोखमी त्या दिवसापर्यंत राहणारच.

सतत चढती रेघ म्हणजे नव्या जोखमी जुन्या मिटण्यापेक्षा वेगाने सापडताहेत. सहाव्या स्प्रिंटनंतरही असं होत असेल तर प्रश्न बहुधा व्याप्तीचा आहे, जोखमींचा नाही.

जोखमींची नुसती संख्या मोजणारा चार्ट मात्र काढूच नका. बारा जोखमींच्या सहा झाल्या हे ऐकायला छान वाटतं, पण मिटलेल्या सहा चिल्लर असू शकतात.

बैठक

स्प्रिंट रिव्ह्यू झाल्यावर आणि पुढच्या प्लॅनिंगआधी २० मिनिटं पुरतात. जबाबदार माणसांनी आपले आकडे आदल्या दिवशी भरलेले असावेत. बैठकीत प्रत्येक जोखमीला एकच प्रश्न: "मागच्या वेळेपासून असं काय दिसलं, ज्याने हा आकडा बदलावा?" काही दिसलं नसेल तर आकडा तसाच, पुढची जोखीम. शेवटची पाच मिनिटं नव्या जोखमींसाठी राखून ठेवा, नाहीतर जुन्यांवरच वेळ संपतो. ही बैठक प्रायोजकासमोर घेऊ नका. समोर ऐकणारं कुणी असलं की लोक हात राखून बोलतात. प्रायोजकाला चार्ट, बफर आणि ती एक ओळ पाठवा.

चार-पाच आठवड्यांच्या कामाला किंवा तीन-चारच जोखमी असलेल्या प्रकल्पाला हा सगळा खटाटोप नको. भिंतीवरची यादी बास.

प्रकल्प संपला की इतिहासाचं पान फेकू नका. ३० टक्के लिहिलेल्या जोखमी वेगळ्या काढा आणि त्यातल्या किती घडल्या ते मोजा. तसंच ५० आणि ८० टक्क्यांचं. एका प्रकल्पात नमुना लहान पडतो, म्हणून तीन-चार प्रकल्पांची पानं एकत्र करा. ३० टक्के लिहिलेल्यांपैकी निम्म्या घडत असतील, तर पुढच्या रजिस्टरमध्ये त्या टीमच्या ३० टक्क्यांचे ५० धरूनच पहिला बिंदू काढा. परिणामाच्या दिवसांचीही अशीच पडताळणी होते: घडलेल्या जोखमींचे लिहिलेले दिवस आणि प्रत्यक्ष गेलेले दिवस शेजारी मांडायचे. वरच्या उदाहरणात ८ लिहिले होते, ७ गेले.